खणातलं वेस्ट एंड : निपाणीतल्या एका घड्याळजीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे, माझ्या सासऱ्यांचं. नावं कुणाचीच लिहित नाही. आमच्या भागात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात, पुढंही तसंच लिहिते. मामांनी निपाणीत साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पाच पोरांची शिक्षणं आणि लग्नं त्या अडीच फुटी टेबलावर झाली, आणि 82 व्या वर्षी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचं घड्याळ बिघडलं. तिथून पुढं दीड वर्ष आमच्या घरात काय काय चाललं ते सगळं नीट लिहून ठेवते आहे, कारण हात चालेनासे झालेले कारागीर घरोघरी आहेत, कुठं शिंपी आहेत, कुठं सोनार आहेत, आणि त्यांचं काय करायचं हे घरच्यांना कळत नाही. आम्हालाही कळलं नव्हतं. आम्ही तर आधी चुकीचंच केलं.

मागची हकीकत

मामा निपाणीचेच. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, मामापण पोरवयात तिथंच कामाला जायचे आणि खकाण्यानं दमा लागला तो तेव्हापासूनचा. (हा दमा पुढं औषधाच्या वेळी आडवा आला म्हणून आत्ताच सांगून ठेवते.) चौदाव्या वर्षी कोल्हापुरात एका घड्याळाच्या दुकानात राहिले. मालकानं पहिलं वर्षभर फक्त एक गजराचं टाइमपीस हातात दिलं, उघडायचं, सगळे भाग ताटलीत मांडायचे, परत जोडायचं, चाललं नाही तर परत उघडायचं. हातातल्या घड्याळाला हात लावायला तिसरं वर्ष उजाडलं. मामा सांगतात, "मी गेलो तवा निपाणी मुंबई राज्यात हुती, परत आलो तवा म्हैसूर राज्यात." 1 नोव्हेंबर 1956 ला ते कोल्हापुरात त्या दुकानात होते. गाव जागच्या जागी राहिलं आणि राज्य बदललं, तेही इथून चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर असताना. त्या दिवसाबद्दल मामा आजही जास्त बोलत नाहीत, पण दर 1 नोव्हेंबरला दुकान उघडत नाहीत, एवढं मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे.

साठ-एकसष्टला स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एका कापडवाल्याच्या ओट्यावर काचेची पेटी आणि टेबल. त्याच सुमाराला, 1961 ला, बेंगळुरात एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं, आणि हळूहळू एचएमटी जनता, पायलट, कोहिनूर अशी घड्याळं गावागावांत आली. त्याच्या आधी घड्याळ म्हणजे फाव्र लूबा नाहीतर वेस्ट एंड, तेही वखारीच्या शेठकडं, दिवाणजीकडं, मिलिटरीतनं आलेल्याकडं. एचएमटीमुळं मास्तर, कंडक्टर, तलाठी सगळ्यांच्या हाताला घड्याळ आलं. लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ हे ठरलेलं असायचं, आणि लग्नसराईनंतर पहिल्या पावसात ती सगळी घड्याळं काचेत वाफ धरून मामांच्या टेबलावर यायची. पोरांच्या शाळेच्या फिया जून-जुलैला भरायच्या असतात, आणि आत्या म्हणायच्या की देवानंच मेळ घातलाय.

पुढं सेलची घड्याळं आली. होसूरच्या कारखान्यातलं टायटन 1987 ला बाजारात आलं तेव्हा लोक म्हणाले आता घड्याळजी संपला. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारकासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि त्याच्यावर काटा चालतो, त्यात ना चावी, ना तेल. मामा संपले नाहीत, सेल बदलायला शिकले. सहाशे सव्वीस नंबरचा सेल, पावणेसात मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटरच्या किंचित वर जाड, ह्या एवढ्याशा गोळीनं आमच्या घरातली दोन लग्नं काढली, ही अतिशयोक्ती नाही. मग मोबाईल आला. तेव्हा मात्र खरोखरच गिऱ्हाईक आटलं. 2016 च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारनं मंजुरी दिली ती बातमी मामांनी पेपरातनं कापून टेबलाच्या काचेखाली सरकवली, तोंडानं काहीच बोलले नाहीत.

तीन लेकी. एक इचलकरंजीला, एक गडहिंग्लजला, एक चिकोडीला दिली. आमच्या सोयरिकींना सीमा कधी समजलीच नाही. दोन मुलगे, थोरले नोकरीनिमित्त पुण्यात, धाकटे म्हणजे आमचे मालक इथंच. मी सरकारी मराठी शाळेत शिकवते.

आता मामांची चिठ्ठी आणि खण, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची, नाव, गाव, तारीख, रक्कम. काही लोक घड्याळ टाकून जायचे आणि येतच नव्हते. पैसे नसायचे, बदली व्हायची, विसरायचे. बाकीचे दुकानदार वर्ष-दोन वर्षांनी असली घड्याळं विकतात नाहीतर त्याचे पार्ट दुसऱ्या घड्याळाला लावतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मामांनी कधी लावलं नाही. टेबलाच्या उजव्या खालच्या खणात सगळी ठेवलेली, वर्षाला एकदा दसऱ्याला सगळ्यांना चावी द्यायची आणि परत ठेवायची. "गिऱ्हाइकाचं घड्याळ म्हणजे ठेव. ठेवीला हात लावायचा न्हाई," बस, याच्यापुढं चर्चा नाही.

घटना

हुक्केरीकडचे एक रिटायर मास्तर, कन्नड शाळेतले, वडिलांचं वेस्ट एंड घेऊन आले. सोवार प्रायमा, डायल पिवळी पडलेली, पण काटे अजून निळे. "इदु नम्मप्पंद री, अण्णा," म्हणाले, आमच्या वडलांचं आहे. बंद पडलेलं. मामांनी उघडून बघितलं, तेल वाळून डिंक झालेला, बाकी सगळं जाग्यावर. "वारा बिट्टु बर्री," आठवड्यानं या.

आठवडा झाला, दोन झाले, मास्तर दोनदा हेलपाटा घालून गेले. आम्हाला घरात काहीच माहीत नाही. नंतर समजलं की मामांचे हात जवळजवळ वर्षभर थरथरत होते आणि ते लपवत होते. सकाळी चहाच्या आधीच बारीक काम उरकायचे. दोन्ही कोपरं टेबलावर दाबून, श्वास रोखून चिमटा धरायचे. अवघड काम असलं की गिऱ्हाइकाला पुढची तारीख द्यायचे. आम्हाला वाटायचं मामा विसरायला लागलेत. मी स्वतः एकदा म्हटलं होतं, मामा तारखा विसरतात आता, आणि ते ऐकून घेऊन गप्प बसले होते. ते मला अजून लागून राहिलंय.

त्या दिवशी ते बॅलन्स बसवत होते. ज्यांनी चावीचं घड्याळ आतनं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बॅलन्स म्हणजे ते गोल चाक, जे बहुतेक जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पाडत इकडून तिकडं हेलकावतं, दिवसाला चार लाख बत्तीस हजार ठोके होतात. त्याच्या दांड्याची टोकं साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहून थोडीच जाड, आणि ती माणकाच्या खड्यातल्या भोकात बसवायची असतात. चाकाला हेअरस्प्रिंग असते, केसासारखी पातळ, गोल गोल गुंडाळलेली, एक वेढा दुसऱ्याला लागला तरी घड्याळ पळायला लागतं. मामांचा चिमटा हलला, स्प्रिंगमध्ये अडकला, ते सोडवायला गेले आणि हात अजून हलला. स्प्रिंगचा गुंता झाला आणि दांड्याचं टोक मोडलं.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मामा कुणाला न सांगता जुळवाजुळव करू शकले असते. त्यांनी त्याच संध्याकाळी मास्तरांना फोन लावायला मला सांगितला आणि कन्नडमध्ये सरळ सांगून टाकलं, माझ्या हातून मोडलं, माझा हात हलतो, मी भरून देतो. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इरली री अण्णा, नोडोण." राहू दे, बघू. फोन ठेवल्यावर मामा आत जाऊन झोपले, जेवले नाहीत, आणि आम्हाला सगळ्यांना त्या रात्री कळलं की हात हलतो.

आम्ही काय चूक केली

थोरले दीर पुण्याहून आले. बैठक बसली. दोघा भावांचं म्हणणं एकच, आता बंद करा, नाव खराब व्हायच्या आधी. त्यांचा हेतू वाईट नव्हता, बापाला कुणी बोल लावू नये एवढंच. गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हात बघून दोन मिनिटांत सांगितलं, वय झालंय, आता आराम करायचा. झालं. दुकानाची किल्ली थोरल्या दिरांनी पाकिटात घातली आणि हत्यारांची पेटी आमच्या माळ्यावर गेली. मीपण गप्प बसले, माझंही मत तेच होतं.

पुढचे तीन महिने लिहायला नको वाटतात. मामा सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, साडेनऊला निघायचे आणि दुकानाच्या बंद शटरसमोर कापडवाल्याच्या बाकावर बसून बाराला परत यायचे. कुणी टाइम विचारला तरी उत्तर देत नव्हते. जेवण निम्म्यावर आलं, दमा वाढला, रात्री उठून बसायचे. आत्या एक दिवस माझ्या मागं स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "मी सांगतो बघ तुला, माणूस उपाशी बसून ऱ्हाईल पण हात रिकामा घेऊन ऱ्हाणार न्हाई. साठ वर्सं मी बघतो त्येंना." (आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी सांगतो' असंच बोलतात, चुकलेलं नाही ते.) घरात ह्या सगळ्या भानगडीत एकट्या आत्यांनाच नेमकं कळलं होतं, आणि बैठकीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बेळगाव

मीच हट्ट धरून बेळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. ह्या तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हात थरथरतो म्हटलं की लोक एकदम पार्किन्सन म्हणतात आणि घाबरून जातात, नाहीतर म्हातारपण म्हणून सोडून देतात. डॉक्टरांनी मामांना हात मांडीवर सैल ठेवून बसायला सांगितलं, हात शांत. मग दोन्ही हात पुढं धरायला लावले, हलायला लागले. पाण्याचा ग्लास तोंडाशी न्यायला सांगितला, अजून हलला. चालायला लावलं, चाल चांगली, हात मोकळे हलतात, चेहरा बोलतो. डॉक्टर म्हणाले पार्किन्सनची थरथर बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना दिसते, तुमची हात वापरताना येते, हिला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, पुष्कळदा घराण्यात असते. मामा लगेच म्हणाले, माझ्या आईची मान हलायची. चहा-कॉफीनं, काळजीनं, कुणी बघत असलं की ती वाढते. म्हणजे मामा सकाळी चहाच्या आधी, एकटे असताना काम करायचे ते त्यांचं त्यांनीच शोधून काढलेलं होतं.

मग डॉक्टरांनी कागद दिला आणि मधून सुरू करून गोल गोल बाहेर येणारी रेघ काढायला सांगितली, ही ठरलेली तपासणी आहे. मामांनी पेन धरलं. रेघ वेडीवाकडी, करवतीच्या दात्यांसारखी आली, पण प्रत्येक वेढ्यातलं अंतर सारखं होतं आणि शेवटचा वेढा त्यांनी जरा उचलून आत वळवला. डॉक्टरांनी विचारलं हे शेवटी असं का वळवलं. मामा म्हणाले, "हेअरस्प्रिंगचं टोक असंच असतंय की, साहेब. न्हाईतर ती एका अंगाला फुगती." डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावायच्या आधी बराच वेळ हातात धरला होता.

औषधाचं असं की ह्या थरथरीला प्रोप्रानोलॉल देतात, पण दमा असलेल्याला ते चालत नाही. म्हणून प्रिमिडोन, रात्री अगदी थोडा डोस, हळूहळू वाढवत. पहिले काही दिवस गरगरायचं, आत्या धरून न्हाणीघरात न्यायच्या. महिन्याभरात ग्लास नीट धरता यायला लागला. पण डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की बॅलन्स बसवण्याइतका हात परत येईल ही आशा धरू नका. मग त्यांनी विचारलं, याच्यापेक्षा मोठं काम काही आहे का तुमच्या धंद्यात? हा प्रश्न आम्हाला कुणाला सुचला नव्हता. मामा म्हणाले, हाय की, भिंतीवरची.

दुसऱ्याच दिवशी पेटी माळ्यावरून काढली. किल्लीसाठी दिरांना फोन केला, ते काही न बोलता शनिवारी स्वतः घेऊन आले.

लंबकाची घड्याळं

जुन्या वाड्यांतनं, वखारींतनं, देवळांतनं लंबकाची पुष्कळ घड्याळं बंद पडलेली आहेत, लोकांना ती फेकवत नाहीत आणि चालवताही येत नाहीत. त्यात चाकं मोठी, स्क्रू मोठे, हात थोडा हलला तरी चालतं. मामा आता तेच करतात, मी रविवारी बरोबर जाते. त्यात किती समज लागते ते मला जवळून बघून कळलं. घड्याळ भिंतीवर टांगलं की मामा डोळे मिटून ऐकतात. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर दोन्हीकडून सारखं पडलं पाहिजे, लंगडा आवाज आला तर घड्याळ तासाभरात थांबणार, मग डबा एका अंगाला केसभर सरकवायचा. मागं पडत असेल तर लंबकाच्या खालची चकती फिरवून लंबक वर घ्यायचा, पुढं जात असेल तर खाली सोडायचा. वीतभर लंबकाचं घड्याळ असेल तर एक मिलिमीटर वर-खाली केला की दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो. आणि उन्हाळ्यात लोखंडी दांडा तापून लांबतो, दहा अंश वाढले की दिवसाला पाचेक सेकंद मागं, म्हणून मार्चमध्ये लावलेलं घड्याळ मे महिन्यात बघायला मामा परत जातात, पैसे न घेता. ह्या कामाला बसले की मामा दमत नाहीत.

दुसरं वेस्ट एंड

आता मास्तरांच्या घड्याळाकडं येते. मामांनी भरून देतो म्हटलं होतं आणि सोवार प्रायमाचा बॅलन्स दुकानात मिळत नाही. दोघा भावांनी कोल्हापूर, पुणे शोधलं. मग आमच्या मालकांना खण आठवला. दसऱ्याला चावी देताना त्यांनी लहानपणापासून बघितलेलं, खणात एक वेस्ट एंड आहे. काढलं. पाठ उघडली, बॅलन्सच्या खाली मशीनचा नंबर कोरलेला असतो, तो जुळला. चालू स्थितीत. चिठ्ठीवर संकेश्वरचा पत्ता, बस स्टँडमागं सायकल दुकान, रक्कम अठरा रुपये, तारीख मे 1979.

आमचे मालक मामांना म्हणाले, दादा, त्रेचाळीस वर्षं झाली, घड्याळाचा मालक जिवंत तरी असेल का. थोरले दीर फोनवर म्हणाले, कायद्यानंपण आता काही नाही. मीपण मनातनं तिकडंच होते, खरं सांगते. मामा म्हणाले, "एकाची ठेव मोडून दुसऱ्याची भरायची? मग मी मास्तराला काय तोंडानं सांगू कुठनं आणला?" आणि घड्याळ परत खणात. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, त्याला विचारून बघू या. दिला तर घेऊ.

संकेश्वरला गेलो. सायकल दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान, मागच्या गल्लीतल्या एका आज्जींनी सांगितलं की ते घर मोडून इचलकरंजीला गेलं, यंत्रमागावर. इचलकरंजीला आमची थोरली वन्सं. तिनं पंधरा दिवस पालथं घातलं, कारखान्यांत विचारलं, शेवटी त्या माणसाची मुलगी सापडली, साठीची. ती निपाणीला आली. मामांनी घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. चावी दिलेली होती, चालू होतं. तिनं कानाला लावलं आणि रडायला लागली. वडील शेवटपर्यंत म्हणायचे म्हणे, निपाणीला माझं घड्याळ हाय. अठरा रुपये कधी जमले नाहीत आणि मग लाज वाटत गेली.

मामांनी तिला मास्तरांचं सगळं सांगितलं आणि बॅलन्स मागितला. ती म्हणाली, काका, मला ते असंच पाहिजे. चालू. मामा म्हणाले, बरोबर हाय तुझं. तिनं अठरा रुपये पुढं केले, मामांनी घेतले, चिठ्ठीवर 'जमा' लिहिलं आणि चिठ्ठीपण तिलाच दिली. आमचे मालक त्या दिवशी घरात बोलत नव्हते, हातातलं घड्याळ गेलं म्हणून.

पण त्या बाईनं ही गोष्ट सांगितली, आमच्या वन्संनी सांगितली, माझ्या शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअपवर फिरली. खणात 71 घड्याळं होती. आजपर्यंत 23 परत गेली. कुणी आजोबांचं नेलं, कुणी स्वतःचंच. एक बाई बिड्या वळतात, त्यांनी नवऱ्याचं एचएमटी जनता नेलं आणि पोराच्या हातात बांधलं. एक जण निव्वळ बघायला आला, बघून म्हणाला, राहू दे तुमच्याकडंच, तिथंच बरं आहे. ते आहे अजून खणात.

पेटी आणि पोरगा

ह्याच बोलण्यातनं गडहिंग्लजच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांचे यजमान घड्याळजी होते, वारले, आणि घरात एक पत्र्याची पेटी पडून आहे. ती पेटी म्हणजे मेलेल्या घड्याळांची पेटी. सगळे घड्याळजी ठेवतात, स्वतः विकत घेतलेली मोडकी मशिनं, पार्टसाठी. मामा दुपारभर ती पेटी वर्तमानपत्रावर ओतून बसले, डोळ्याला आयग्लास लावून एकेक मशीन उलटी करत. चहा दोनदा गार झाला. दिवेलागणीला मला हाक मारली, "पोरी, हितं ये. नंबर वाच गं ह्यो, माझ्या डोळ्यावर माझा इस्वास न्हाई आत्ता." मी वाचला. तोच नंबर. बॅलन्स शाबूत.

बसवायचा कुणी? मामांच्या शेजारच्या गाळ्यात एक पोरगा मोबाईल दुरुस्त करतो, मुजावर गल्लीतला. त्याच्याकडं मायक्रोस्कोप आहे, खालचं सगळं स्क्रीनवर मोठं होऊन दिसतं, आणि तो केसाएवढ्या तारा डकवतो. मामांनी त्याला विचारलं, शिकणार काय. तो हो म्हणाला, त्याला वाटलं एक बॅलन्स बसवायचा. मामांनी त्याच्या हातात गजराचं टाइमपीस दिलं. मास्तरांना सांगितलं, अजून थोडं थांबा. मास्तर थांबले, मधून मधून फोन करून मामांचीच चौकशी करायचे. पोरगा चार महिने रात्री दुकान बंद करून टाइमपीस उघडत आणि जोडत होता, मग मामांनी स्वतःचं एचएमटी त्याला उघडायला दिलं, मग अजून एक. आता हातातल्या घड्याळांचं काम दोघं मिळून करतात, निम्मे पैसे त्याचे. मामांनी हे आधीच ठरवून टाकलं, पोराला मागायला लागू नये म्हणून.

वेस्ट एंड बसवलं त्या रात्री मी तिथं होते. मायक्रोस्कोपखाली घड्याळ, स्क्रीनवर बॅलन्स ताटाएवढा. खड्यातलं भोक दिसत होतं, विहिरीसारखं. मामा स्टुलावर बसलेले, हात मांडीवर, एकमेकांत गुंतवलेले आणि शांत. "डावीकडं. लई झालं. मागं ये. सोड आता, त्याचं त्यो जाईल. दाबू नकोस." टोक भोकात उतरलं ते स्क्रीनवर दिसलं, आणि बॅलन्स आपसूक हलला, एकदा, दोनदा, मग चालूच झाला. पोरगा श्वास रोखून बसला होता तो आत्ता सोडला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हात थरथरत होता, पोराची पाठ पण.

पुढच्या गुरुवारी मास्तर आले. घड्याळ हातात घेतलं, मामांच्या पाया पडायला वाकले, मामांनी अर्ध्यावर धरलं. मास्तरांनी पैसे विचारले, मामा म्हणाले मोडलं मी, पैसे कसले. मग दोघं कन्नड-मराठी मिसळून बोलत बसले, मास्तरांच्या वडिलांना हे घड्याळ कुठनं मिळालं इथपासून आमच्या शाळेत पोरं किती राहिलीत इथपर्यंत.

आठ दिवसांनी मास्तर परत. दिवसाला दोन मिनिटं पुढं जातंय म्हणाले. बॅलन्सवरच्या पट्टीला एक बारीक सळी असते, तिच्या एका अंगाला 'ए' आणि दुसऱ्या अंगाला 'आर' कोरलेलं असतं, 'आर'कडं सरकवली की घड्याळ हळू होतं. पोरानं पाठ उघडली, काडी टेकवली आणि मामांकडं बघितलं.

"जरा," मामा म्हणाले. "अजून जरा. बस."